ऐंशीच्या पुढची भाकरी

गावात कुणी गेल्याचं कळलं की आमच्या आप्पांचा, म्हणजे वडिलांच्या वडिलांचा, पहिला प्रश्न ठरलेला असायचा. कशानं गेला, कधी गेला, हे मागाहून. आधी विचारायचे, "किती घेतली?" म्हणजे वर्षं किती घेतली. कुणी पासष्ट म्हटलं की मान हलवून म्हणायचे, "पाच ठिवून गेला." पंच्याहत्तर म्हटलं की चेहरा जरा खुलायचा. "पाच बक्षिसाची मिळाली की त्याला." बोरीच्या लोकांना या हिशेबाची सवय झाली होती. स्टँडवर टेकलेली रिकामटेकडी माणसं मुद्दाम विचारायची, "आप्पा, आमच्या म्हशीनं किती घेतली म्हणायची?" आणि आप्पा जराही न चिडता सांगायचे की जनावराचं काही शास्त्रात लिहिलेलं नाही, ते देवालाच ठाऊक.

हा हिशेब त्यांनी घेतला होता बायबलातल्या स्तोत्रसंहितेतून. त्यात मोशेची म्हणून एक प्रार्थना आहे. माणसाला सत्तर वर्षं, अंगात बळ असलं तर ऐंशी, आणि तीही बहुतेक कष्टात आणि दुःखातच सरायची, असा तिच्यातल्या एका वचनाचा अर्थ. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, त्यामुळे हे वचन बोरीत पोचलं ते आप्पांच्या तोंडून आणि त्यांच्या पद्धतीनं. आप्पांच्या मते ते वचन म्हणजे देवानं माणसाला नेमून दिलेला वाटा होता. लहानपणी मी त्यांना छळायची की मग शास्त्रातला मथुशलह नऊशेच्या वर कसा जगला? त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं. "तवाची बाजरी येगळी व्हती." जलप्रलयाच्या आधी देव एकशेवीसवर आला, आणि पुढं माणसाचे गुण बघून त्यानं हात आणखी आखडता घेतला तो थेट सत्तरवर, असं ते समजावून सांगायचे. जणू वरच्या कचेरीत ते स्वतः हजर होते.

आमचं घर गावाच्या कडेला, कौलारू, दोन खोल्यांचं. मागं अर्धा एकर बाजरीचं रान आणि त्यापलीकडं दुसऱ्यांचे द्राक्षांचे मांडव. आप्पांची उमर त्या मांडवांखाली वाकून गेली. छाटणीला आप्पांचा हात लागला की वेल माल देतो असं बागायतदार म्हणायचे, आणि ऐंशीला टेकले तरी त्यांना बोलावणं यायचं. पप्पा, म्हणजे माझे वडील सुधाकर, नारायणगावला मोटारी बांधायचे, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी. जळालेली तांब्याची तार उलगडायची, नवी गुंडाळायची, वर वॉर्निश. ते संध्याकाळी घरात शिरले की आधी वॉर्निशचा वास शिरायचा. आई चुलीपाशी, भाकरीची थापथाप चालू, शेजारच्या रमाकाकूंच्या टीव्हीवर हिंदी मालिकेतली कुणीतरी बाई रडते आहे, आणि आप्पा ओट्यावरून विचारतात, "सुधाकर, आज किती मोटारी उठवल्या?" पप्पा म्हणायचे, "दोन उठवल्या, एक काय उठंना." घरात कुठंही गेलं तरी ही बोलणी ऐकू यायची. आता माझ्या फ्लॅटमध्ये सहा दारं आहेत आणि एका खोलीतलं दुसरीत काही ऐकू येत नाही. त्याचं कौतुक मी पहिली दोन वर्षं केलं.

आमच्यात सत्तरी पूर्ण झाली की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना घालतात. जुन्नरहून देवळाची माणसं येतात, गाणी होतात, जेवण होतं. आप्पांची सत्तरी मला अंधुक आठवते. ऐंशी मात्र लख्ख आठवते, कारण मी तेव्हा बारावीत होते आणि मासवड्या थापता थापता माझी बोटं तिखटानं भगभगत होती. आईच्या हातची मासवडी म्हणजे काय ते आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. ती आंबेगावची, घोडेगावकडची, आणि तिकडची मासवडी जुन्नरच्या मासवडीपेक्षा सरस, हे तिनं लग्न होऊन आल्यापासून कुणाला विसरू दिलं नव्हतं. जेवणं झाल्यावर आप्पा उभे राहिले. म्हणाले, "माझी यष्टी स्टँडला लागली. आता निस्तं उतरायचं बाकी." पप्पा हसून म्हणाले, "बसा निवांत आप्पा, कंडक्टर काय उठवत न्हाई तुमाला." सगळे हसले. आप्पाही हसले.

त्यानंतर पहिल्याच हिवाळ्यात, द्राक्षांच्या मण्यांत रस भरायच्या दिवसांत, पप्पा गेले. सकाळी दुकानात मोटार उचलताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. बेचाळीस वर्षांचे होते. घरी आणलं तेव्हाही कपड्यांना वॉर्निशचा वास होता. ओट्यावर माणसं जमली होती. कुणीतरी लांबच्या पाहुण्यानं सवयीनं आप्पांना विचारलं, "किती होती वर्षं?" आप्पा भिंतीला धरून उठले आणि आत गेले. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही बाबतीत तो प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही.

आठवडाभर आमची चूल पेटली नाही. रमाकाकू दोन्ही वेळचं पिठलं-भाकरी आणून ठेवायच्या. त्यांचं घर बौद्ध, आमचं ख्रिस्ती, पण एकमेकांच्या मयताला काय करायचं हे दोन्ही घरांना पाठ होतं. संध्याकाळी घरी प्रार्थना व्हायची. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे शास्त्र वाचायचं काम कितीतरी आधीपासून माझ्याकडं होतं. शेवटच्या दिवशी आप्पा म्हणाले, "एस्तेर, मोशेचं वाच." मयताच्या घरी तेच वाचायची रीत होती, आमच्या घरात तर होतीच. मी वाचायला लागले. सत्तर-ऐंशीचं वचन आलं तरी मी थांबले नाही, थांबायला हवं होतं असं अजून वाटतं. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती काही मोठ्यानं बोलली नाही. नेहमी मीठ आहे का विचारावं तशा आवाजात म्हणाली, "मामा, सत्तर समद्यांची ना? मग ह्यांची कुठं गेली? तुमीच खाल्ली का?"

खोलीत पंधरा-वीस माणसं होती. आप्पांनी मान वर केली, आईच्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाले, "व्हय गं. तसंच झालं आसंल."

मला वाटलं होतं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. आईला कुणीतरी गप्प करेल किंवा आप्पांना कुणी सांगेल की असं नसतं. कुणीच बोललं नाही, आणि मीही नाही. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात आई जे बोलली तेच माझ्या मनात रोज रात्री येत होतं. म्हातारा राहिला आणि पप्पा गेले. आप्पांच्या मांडीवर मी वाढले होते, तरी येत होतं. पुस्तक मिटून मी आत गेले आणि कुणी मागितलं नसताना पाणी भरत बसले.

नेहमीचे दिवस सुरू झाले. आई द्राक्षाच्या बागेत रोजानं जाऊ लागली, घड विरळायला, ते औषधात बुडवायच्या डिपिंगला. घरातली काही कामं आपसूक आप्पांकडं गेली. त्यातलं एक दळणाचं. बाजरी कोठीतून काढायची, पाखडायची, गिरणीत नेऊन दळून आणायची. आमच्यात दळण काढताना पहिली मूठ देवाची. ती चुलीशेजारच्या एका मडक्यात टाकायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पिशवीत भरून जुन्नरच्या देवळात द्यायची. ते धान्य गोरगरिबांना जातं. लग्न होऊन आल्यापासून आईनं ती मूठ एकदाही चुकवली नव्हती. पप्पा गेल्यावर मात्र दळणाची सूपं आप्पांपुढं ठेवताना तिनं बजावलं, "त्या मडक्यात माझ्या नावानं काय टाकायचं न्हाई. त्यानं घेतलं तेवढं बास झालं." देवळात जायचंही तिनं सोडलं. आप्पांनी सूप जवळ ओढलं.

आप्पांचं जेवण कमी झालं ते कधीपासून, मला सांगता येणार नाही. पूर्वी ते दोन भाकऱ्या खायचे, छाटणीच्या दिवसांत तीन. मग ते एक खाऊ लागले, मग अर्धी. आई बागेतून यायची ती अंग टाकून द्यायची. भाकऱ्या मी थापायची आणि ताटं मीच करायची. आप्पा ताटातली अर्धी भाकरी मोडून टोपलीत परत ठेवायचे. "ह्येवढी बास. आता पचत न्हाई." मला ते दिसत होतं. त्यांच्या गळ्याची कातडी लोंबायला लागली होती, सदऱ्याच्या बाह्यांतून हात काड्यांसारखे बाहेर यायचे, तेही दिसत होतं. पण आधी बारावीची परीक्षा तोंडावर होती, मग नर्सिंगच्या प्रवेशाची खटपट, आणि एक भाकरी कमी थापायची म्हटल्यावर मी पुढं काही विचारलं नाही. म्हातारी माणसं कमीच जेवतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. मी पुढं नर्सिंगला गेले, उभी नोकरी पेशंटच्या ताटात काय उरलं ते बघण्यात घालवली, आणि माझ्या हाताखालच्या मुलींना मी या बाबतीत फार टोचून बोलायची. त्यांना वाटायचं सिस्टर खाष्ट आहे. खाष्ट तर मी आहेच, पण कारण हे होतं.

पिकं घरात आली की आमच्या देवळात हंगामाची उपकारस्तुती होते. कणसं, भोपळे, कांदे, घरच्या कोंबड्या, ज्याला जे जमेल ते घेऊन माणसं येतात, सगळं वेदीपुढं मांडतात. पप्पा गेल्यानंतरच्या त्या पहिल्या सणाला आई अचानक म्हणाली, "मी येते." का म्हणाली ते तिनं सांगितलं नाही. आम्ही तिघं एस्टीनं जुन्नरला गेलो. आप्पांकडं बाजरीची पिशवी होती, मी घेते म्हटलं तर देईनात. देवळात ते पुरुषांच्या बाजूला पुढं बसले, आम्ही बायकांत मागं.

पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच आलेले, भल्या मनाचे. संदेश देता देता ते शास्त्रातल्या त्या गरीब विधवेवर आले, जिनं आपल्याजवळच्या दोनच टोल्या, दमड्याच म्हणा, देवाच्या पेटीत टाकल्या. मग म्हणाले की अशी एक बहीण आज आपल्यातही आहे. तिच्या घरचा कमावता माणूस गेला, पण तिची मूठ आखडली नाही. उलट, वाढली. पूर्वी त्या घरातून महिन्याला अर्धी पिशवी यायची, आता गच्च भरून येते. सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या. मला आधी अभिमान वाटला. मग मी आईकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती पाळकसाहेबांकडं बघतच नव्हती. ती बघत होती पुढं बसलेल्या आप्पांच्या पाठीकडं. लग्नात शिवलेला त्यांचा तो काळा कोट खांद्यांवरून असा उतरला होता की आत दुसरंच कुणीतरी बसलंय असं वाटावं. मला वाटतं, वर्षभरात आईनं त्यांच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

ती उभी राहिली. भर उपासनेत बाई उभी राहून बोलली असं आमच्या देवळात त्याआधी झालेलं नव्हतं. "पाळकसाहेब, म्या त्यात एक मूठ टाकलेली न्हाई," ती म्हणाली. "वर्सभर न्हाई. ती बाजरी माझ्या सासऱ्याच्या पोटातली हाय, दळणातनं सवताच्या भाकरीची काढून टाकलेली. माझी मला परत द्या."

कमिटीतले एक जुने गृहस्थ उठले. म्हणाले, बाई, वेदीपुढं ठेवलं ते देवाचं झालं, ते असं परत मागता येत नाही. आई तोवर चालत पुढं पोचली होती. ती भोपळे आणि कणसं ओलांडून आमच्या पिशवीपाशी गेली, पिशवी उचलली आणि काखेत मारली. पाळकसाहेबांनी त्या गृहस्थांना हातानंच खाली बसवलं. आप्पा मान खाली घालून बसले होते, शाळेत चोरी पकडलेल्या पोरासारखे. आईनं त्यांच्या दंडाला धरलं. "उठा मामा," एवढंच म्हणाली.

एस्टीत आई पिशवी मांडीवर घेऊन बसली. दुपारी पाळकसाहेब कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागोमाग घरी आले. बिचारे ओशाळले होते. "सलाम" करून ओट्यावर बसले, चहा घेतला आणि आप्पांना समजवायला लागले. म्हणाले, "आप्पा, ती मोशेची प्रार्थना आहे. मोशे दुःख सांगतोय देवाला, रेशन ठरवून देत नाहीये. आणि तो स्वतः किती जगला? एकशेवीस. मरतानासुद्धा त्याची नजर मंद झाली नव्हती, असं लिहिलंय."

"मोशेकडं काम व्हतं," आप्पा म्हणाले. "येवढी लेकरं वाळवंटातून न्यायची व्हती. माझ्याकडं काय काम हाय, साहेब? ऐंशी झाली तवा माझं सपलं. त्याच्याफुडं म्या खातोय ते कुणाचं? कुणाचं तरी आसनारच ना. सुधाकरचंच आसनार."

"असं कुठंच लिहिलेलं नाही आप्पा. देव एकाचं काढून दुसऱ्याला देत नाही. हिज्कीया राजाचं बघा, मरायला टेकला होता, भिंतीकडं तोंड करून रडला, देवानं त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. ती काय कुणाची काढून दिली का?"

आप्पा म्हणाले, "हिज्कीया रडला, त्याला मिळाली. माझा सुधाकर रडला नसंल का, साहेब? दुकानात येकटाच पडला व्हता त्यो."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांनी ओढूनताणून उत्तर दिलं नाही, याबद्दल मी त्यांना आजही मानते. पुढं आयुष्यात मी पुष्कळ धर्मोपदेशक पाहिले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी दिलं असतं. ते थोडा वेळ बसले, प्रार्थना न करताच उठले आणि गेले.

आईनं तोवर पिशवीतली बाजरी पाखडून स्वतः गिरणीत नेली होती. ती पीठ घेऊन आली, चूल पेटवली, आणि मला बाजूला सारून स्वतः थापायला बसली. दोन भाकऱ्या, वर हुलग्याचं पिठलं, कांदा, चटणी. ताट घेऊन ती ओट्यावर गेली, आप्पांच्या पुढं ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. मी दारात होते.

"देवाला दिल्यालं हाय ते," आप्पा म्हणाले. "मला गिळायचं न्हाई."

"मामा, त्या दिवशी म्या बोलले ते रागाच्या भरात बोलले आसं म्या सांगनार न्हाई," आई म्हणाली. "मनापासून बोलले. तसंच वाटत व्हतं मला. आजबी आधीमधी वाटतं. पर तुमाला उपाशी मारायचं म्हून न्हाई बोलले. बोललेलं काय परत घेता येत न्हाई. बाजरी घेता येती, ती आणली. आता ह्यो घास तुमी घ्यायचा."

आप्पांचा हात ताटाकडं गेला आणि परत मांडीवर आला. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "ह्यांची वर्सं नका खाऊ," ती म्हणाली. "माझी खा. माझी लई राहिल्यात, त्यांचं मला काय करायचं ते ठाव न्हाई." मग ती रडायला लागली. पप्पा गेल्यावर ती आमच्यासमोर कधी रडली नव्हती. आप्पांनी तो तुकडा तोंडात घातला. चावत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण आई दुसरा तुकडा त्यांच्या हातावर ठेवत होती. दोन्ही भाकऱ्या संपेपर्यंत ती उठली नाही.

त्या दिवसापासून आप्पा जेवू लागले. दोन्ही वेळ दोन भाकऱ्या, आणि आई समोर बसायची. ती बागेतून कितीही थकून आलेली असो, आप्पांच्या जेवणाला ती समोर. आप्पांचे हात पुन्हा भरले. गावानं म्हटलं, सासरा-सुनेचं मिटलं. मलाही तसंच वाटलं होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी आले होते तेव्हाची गोष्ट. आप्पा बांधावर बसून छाटणीच्या कात्रीला धार लावत होते, नजर जवळजवळ गेलेली, नुसत्या बोटांच्या अंदाजानं. मी सहज विचारलं, "आप्पा, आता भूक लागते ना नीट?"

"न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं.

"न्हाई गं पोरी. त्या वर्सापासून भूक आशी लागलीच न्हाई. घास फिरतो तोंडात." त्यांनी कात्री पालथी केली. "पर म्या न्हाई खाल्लं तर तिला वाटनार, माझ्या बोलन्यापायी म्हातारा गेला. जनमभर छळंल तिला ते. म्या काय, म्या जानार. तिला राहायचं हाय." मग म्हणाले, "तिला सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. पण त्या सुट्टीत त्यांना जेवताना बघणं मला जड गेलं. ते प्रत्येक घास खूप वेळ चावायचे, पाण्याच्या घोटाबरोबर उतरवायचे आणि मग म्हणायचे, "झ्याक झालंय पिठलं." आई समोर बसून ताटाकडं बघत असायची. मी वाढायच्या निमित्तानं आत-बाहेर करत राहायची, कारण दोघांच्या मध्ये बसवत नसे.

आप्पा त्यानंतर आणखी काही वर्षं जगले. नव्वदीला पोचले नाहीत. गावात मोबाइलचे टॉवर उभे राहिले, द्राक्षं काढून लोकांनी टोमॅटो लावले, मी नोकरीला लागले. आता मी त्रेपन्न वर्षांची आहे. पप्पांचं वय मी केव्हाच ओलांडलं. माझ्या बेचाळिसाव्या वाढदिवसाला मुलांनी केक आणला होता आणि मला तो खाववेना. हॉस्पिटलात खाऊन आले असं मी त्यांना सांगितलं. माझ्या वडिलांना न मिळालेली वर्षं मी जगते आहे, रोज दोन वेळा जेवते आहे, बीपीची गोळी घेते आहे, संध्याकाळी फिरायला जाते आहे. त्या स्तोत्राचा अर्थ आता मला आप्पांपेक्षा आणि बहुधा त्या पाळकसाहेबांपेक्षाही बरा कळतो. त्यात पुढं अशीही विनवणी आहे की जितके दिवस दुःखात काढले तितके दिवस आम्हाला आनंदही दे. आमच्या घरात तिथपर्यंत कुणी वाचतच नव्हतं, ऐंशीवर येऊन थांबायचे. हे सगळं मला कळतं. तरी अपराधी वाटायचं ते वाटतंच.

आप्पांच्या शेवटच्या दिवसांत मी रजा टाकून आले होते. त्यांना तसा आजार काही नव्हता. अंगातलं बळ सरत आलं होतं. भाकरी बंद झाली होती, आई तांदळाची पेज करून चमच्यानं भरवायची. मी नर्स, पण भरवायचं काम तिनं मला करू दिलं नाही. त्या दिवशी सकाळी तिनं तीन चमचे भरवले. आप्पांनी ते कसेबसे गिळले. चौथा चमचा ओठांपाशी नेला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नाही. डोळे मिटलेलेच होते. हात चाचपडत आईच्या मनगटावर आला.

"मार्था," ते म्हणाले, "आता बास करू का?"

मी आईकडं पाहिलं. तिनं चमचा हळूच वाटीत ठेवला, पदरानं त्यांचे ओठ पुसले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"करा बास, मामा," ती म्हणाली. "माझ्यापायी लई जेवलात."